झाडाला तोंड नसतं

माझी ताई घरं रंगवते. भिंती, छत, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे, सगळं. लोक दार उघडतात, ती खांद्यावर शिडी घेऊन समोर उभी असते, आणि तरी विचारतात, "रंगारी कुठाय?" सुरुवातीला ती हसून सांगायची, "मीच." आता म्हणते, "मागून येतोय, तोवर मी रंगवून घेते," आणि सरळ आत शिरते.

आमची आई म्हणायची, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. मला ते कधी पटलं नाही. नाकाच्या शेंड्यावरचा राग एका शिंकेत उडून जातो. ताईचा राग मुरतो. लहानपणी आमच्या शेजारचे एक काका येता-जाता माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवायचे आणि चाचपडत चालून दाखवायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण दुसरं काय करावं ते मला कळायचं नाही. ताई तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तिने बरेच दिवस हे पाहिलं, एक शब्द बोलली नाही. मग एके सकाळी काका पेपर वाचत बसले होते, ही गेली, त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत टाकून आली. आई तिला मारायला धावली तर म्हणाली, "आधी काकांना मार, मग मला."

शाळा संपल्यावर ती एका कंत्राटदाराकडे कामाला लागली. आधी नुसता जुना रंग खरवडायचा. मग भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरने घासायची. ब्रश हातात मिळायला बराच काळ गेला, पण मिळाला तो सुटला नाही. थंडी ओसरली, खिडक्या उघडल्या की लोकांना आपल्या भिंती एकदम कळकट दिसू लागतात, त्यामुळे वसंत ऋतू म्हणजे तिचा हंगाम. त्या दिवसांत तिच्या भुवयांवरसुद्धा रंग असतो.

लग्न तिने रंगाच्या दुकानाची गाडी चालवणाऱ्या माणसाशी केलं. पहिल्याच भेटीत भावजींच्या हातून पांढऱ्या रंगाचा डबा तिच्या बुटांवर उलटला होता. ताई अर्धा तास ओरडत होती आणि भावजी खाली बसून, "हो, बरोबर आहे तुमचं," म्हणत फडक्याने बूट पुसत होते. "याच्याशी भांडण होणं शक्य नाही, म्हणून लग्न केलं," असं ती सांगायची. खरंच शक्य नव्हतं. भावजी म्हणजे अंगावर पाल पडली तरी 'जाऊ दे' म्हणणारे. गाडीला कुणी धडक दिली, जाऊ दे. मालकाने सुट्टी कापली, जाऊ दे. ताई चिडायची, पण त्यात एक गारवाही होता. घरात एक जण उकळता असला तर दुसरा गार असलेला बरा.

त्यांना दोन मुलं. थोरली टिटवी, वय वर्षं आठ. आनंद असो की भांडण, ती किंचाळूनच सांगते, म्हणून टिटवी. धाकटा मुंगळा. लहान असताना आईच्या पायाला चिकटला की सोडवता यायचा नाही, म्हणून मुंगळा. तो पाच वर्षांचा होता त्या वेळची ही गोष्ट.

मुंगळा बोलताना अडखळतो. तीनेक वर्षांचा झाला तेव्हा लक्षात आलं. द, प, क असली अक्षरं आली की पावसाने फुगलेलं दार चौकटीत अडकावं तसा त्याचा शब्द अडकायचा. मान हलायची, डोळे मिटायचे, आणि मग एकदम सगळा शब्द बाहेर. ज्यांना थांबायची सवय होती त्यांच्याशी तो मिनिटांमागून मिनिटं बोलायचा, गोगलगायीबद्दल, गाडीच्या इंजिनाबद्दल, आदल्या दिवशी पडलेल्या स्वप्नाबद्दल. पण लोकांना थांबवत नाही. लोक त्याचं वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन स्वतः पुरं करायचे, आणि तेही चुकीचं. ताईला ते फार लागायचं. "दुसऱ्याच्या ताटातला घास उचलतात का असा?" ती म्हणायची.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे भावजींची थोरली बहीण. ताई तिला वन्सं म्हणते. भावजींचे वडील लवकर गेले, तेव्हापासून त्या घराची सूत्रं अक्काच्या हातात. तिच्या आईने, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, जेवणात मीठ किती घालायचं तेही अक्का ठरवते. सासूबाईंचं घर बैठं आहे, मागे मोठं अंगण, अंगणात एक जुनं झाड. त्याला पालवी फुटली की पुढच्या रविवारी सगळं कुटुंब तिथे जमायचं. भावजी लहान असल्यापासूनचा हा त्यांचा घरचा रिवाज. मुलांनी मातीत रोपं लावायची, फांद्यांना रंगीत फिती बांधायच्या, आणि मोठ्यांसमोर एक छोटं नाटक करायचं. पूर्वी म्हणे फार मजा यायची. मुलं वाटेल ते बोलायची, मध्येच विसरायची, मोठी माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

अक्काने सूत्रं घेतली आणि त्या रविवारचा समारंभ झाला. खुर्च्या भाड्याने यायला लागल्या. तिच्या नवऱ्याच्या कचेरीतली माणसं यायला लागली. नाटक अक्का लिहायची, पोशाख अक्का शिवायची, आणि मुख्य काम दर वर्षी तिच्या मुलाला, ज्याला सगळे बाळराजे म्हणत, त्याला मिळायचं. ताईच्या वाट्याला स्वयंपाकघर. शिवाय समारंभाआधी बाहेरची खोली रंगवून देणं, कारण 'घरचीच तर आहे'.

त्या वर्षी नाटक होतं थंडी आणि उन्हाचं. थंडी जात नाही, प्राणी-पक्षी कुडकुडतायत, आणि शेवटी ऊन येतं आणि म्हणतं, "दारं उघडा, ऊन आलंय!" हे ऊन मुंगळ्याला हवं होतं. त्याने स्वतः आत्याकडे जाऊन मागितलं. अक्का 'बघू हं' म्हणाली. मुंगळ्याने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. लहान मुलं घेतातच तसा.

वाक्य एवढंसं, पण सुरुवातच 'दा'ने. ताई संध्याकाळी सासूबाईंची खोली रंगवायला जायची तेव्हा मुंगळ्याला बरोबर न्यायची. मी एकदा गेले होते. ताई भिंतीकडे तोंड करून रोलर फिरवत होती आणि मुंगळा तिच्याकडे पाठ करून पालथ्या बादलीवर बसला होता. कुणी तोंडाकडे बघत नसलं की त्याला सोपं जायचं. तो म्हणायचा, "द... द..." ताईचा रोलर वरखाली चालूच. ती काही म्हणत नव्हती, मागे वळत नव्हती. "द... दारं उघडा, ऊन आलंय." "आलं का? बरं झालं बाई," ताई भिंतीलाच म्हणायची. "अंगणात वाळत घातलेत कपडे." मग दोघं हसायची. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी त्याने ते वाक्य एकदाही न अडकता म्हटलं, आणि ताईने रोलर खाली ठेवून त्याच्या नाकाला पिवळा रंग लावला.

रविवारी सकाळी त्याला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, डोळे पाणावलेले, पण ताप नव्हता आणि उत्साह तर असा की घरी ठेवणं शक्यच नव्हतं. मीही माझ्या दीड वर्षाच्या पोरीला घेऊन गेले होते. दारातच अक्काने ताईला स्वयंपाकघराची वाट दाखवली. मी तिच्या मदतीला गेले. ताई सूप ढवळत होती, मी कडेवर पोर घेऊन पाव कापत होते. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज, मुलांचा कालवा. मध्येच टिटवी पंख लावून आत आली, चिमणी झाली होती ती, आणि किंचाळली, "आई, लवकर ये, सुरू होतंय!"

ताईने सरबताचा ट्रे उचलला आणि आम्ही अंगणात गेलो. नाटक सुरू झालेलंच होतं. अक्काच्या नवऱ्याचे साहेब आणि त्यांच्या बाई पहिल्या रांगेत. सासूबाई कडेला वेताच्या खुर्चीत लोकर विणत बसलेल्या. भावजी मागे उभे. आणि मध्यभागी, डोक्याला सोनेरी कागदाचे किरण लावून, बाळराजे. त्याने हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "दारं उघडा, ऊन आलंय!"

टाळ्या पडल्या. ताई जागच्या जागी थांबली. तिची नजर मुंगळ्याला शोधत होती.

तो कोपऱ्यात होता. त्याला झाड केलं होतं. अंगाला तपकिरी कागद गुंडाळलेला, दोन्ही हातांत पालवीच्या फांद्या, हात आडवे ताठ धरलेले. आणि तोंडावर पट्टी होती. मला आधी वाटलं दाढी रंगवलीय की काय. मग नीट दिसलं. खिडकीच्या काचेला रंग लागू नये म्हणून रंगारी कडेने कागदी टेप लावतात, ती टेप. ताईच्याच पिशवीतली. पिशवी रंगकाम झाल्यापासून बाहेरच्या ओट्यावरच राहिली होती, तिथून कुणीतरी काढली होती. कागदी टेप लवकर सुटते, म्हणून एकावर एक तीन पट्ट्या, या गालापासून त्या गालापर्यंत.

सर्दीने नाक चोंदलेलं ते पोर. चेहरा लालबुंद झाला होता. नाकातून शीळ घातल्यासारखा श्वास येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात मात्र ताठ, फांद्या पडू दिल्या नव्हत्या. बाजूची दोन-तीन मुलं त्याच्याकडे बघून खिदळत होती.

ताईने ट्रे समोर जे हात होते त्यांत दिला. ते साहेबांचे होते. आणि मधल्या मुलांना बाजूला सारत ती त्याच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

"फांद्या खाली ठेव," ती म्हणाली.

मुंगळ्याने आईकडे पाहिलं नाही. त्याने अक्काकडे पाहिलं. ठेवू का, असं. ताई मला नंतर म्हणाली, बाकी सगळं मी कदाचित विसरेन, पण त्याने परवानगीसाठी तिच्याकडे पाहिलं ते विसरणार नाही.

तिने बोट ओठांना लावून ओलं केलं आणि पट्टीची कड सोडवायला सुरुवात केली. ओढली नाही. एक कड, मग दुसरी, अगदी सावकाश, त्वचेला धक्का न लावता. तिन्ही पट्ट्या निघताच मुंगळ्याने तोंडाने मोठा श्वास घेतला आणि खोकत राहिला. त्याच्या गालांवर लाल वळ होते.

"कुणी लावली?" ताई उठून उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता.

अक्का हसत पुढे आली. "अगं, गंमत. झाडाला तोंड नसतं ना, म्हणून. मुलांनाच सुचलं."

"खोटं!" टिटवी किंचाळली. "आत्यानेच लावली! तो म्हणत होता ऊन मीच होणार, म्हणून लावली! म्हणाली, आता बडबड करून दाखव!"

कुणीतरी घसा साफ केला. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "लहान मुलांत चालायचंच असं." सासूबाईंची सुई थांबली होती, पण मान वर झाली नाही.

अक्काचं हसू आता गेलं होतं. "पाहुण्यांसमोर तमाशा करू नकोस. त्याच्याच भल्यासाठी केलं मी. एवढ्या लोकांत अडकला असता तर हसले असते सगळे. आणि दोन मिनिटांचा तर प्रश्न होता."

"त्याला सर्दी झालीय, वन्सं. त्याचं नाक बंद आहे. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. मग त्याने श्वास कुठून घ्यायचा?"

"मला काय माहीत सर्दी..."

"सकाळी तुम्हीच त्याचं नाक पुसलंत. स्वतःच्या रुमालाने."

तेवढ्यात भावजी पुढे आले. नेहमीसारखे, हलक्या पावलांनी. त्यांनी ताईच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. घरी गेल्यावर बोलू."

मी ताईला जन्मापासून ओळखते. तोवर ती रागावलेली होती. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. टेपचं रीळ तिथेच झाडाच्या बुंध्याशी पडलं होतं. तिने ते उचललं, दातांनी एक पट्टी फाडली आणि भावजींच्या तोंडावर चिकटवली. वरून अंगठ्याने दाबूनही बसवली, खिडकीची कड बसवतात तशी.

"तुला चालेल ही," ती म्हणाली. "तुला तोंड लागतच नाही."

मग त्या खिदळणाऱ्या मुलांतलं एक फिस्सकन हसलं. ताईने मुंगळ्याला उचललं, टिटवीचा हात धरला आणि चालू लागली. मी माझी पोर आणि ताईची पिशवी घेऊन मागे. साहेब अजून ट्रे धरूनच उभे होते.

रस्त्यावर उन्हं छान पडली होती. दोन्ही बाजूंच्या झाडांना पोपटी पालवी. मुंगळ्याच्या अंगावरचा तपकिरी कागद सरसर वाजत होता. बऱ्याच वेळाने तो आईच्या खांद्यावरून म्हणाला, "मी प... प... पाडल्या नाहीत. फ... फांद्या."

ताई तिथेच फुटपाथच्या कडेला बसली. त्याला मांडीवर घेऊन. लोक आमच्या बाजूने जात होते. ती रडली असं मी म्हणणार नाही. दात आवळून ती त्याच्या अंगावरचा कागद टराटरा फाडत होती, एकेक तुकडा, सगळा संपेपर्यंत.

भावजी संध्याकाळी घरी आले. आल्या आल्या म्हणाले, "सगळ्यांसमोर तू माझी शोभा केलीस."

"किती वेळ होती तुझ्या तोंडावर पट्टी?" ताईने विचारलं.

ते वाकून बूट काढायला लागले.

"लगेच काढलीस ना? तुझे हात मोकळे होते. आणि तुला कुणाला विचारावं लागलं नाही. नाटकभर तू मागे उभा होतास. तुला तो दिसत नव्हता?"

"दिसत होता. मला वाटलं, नाटकातलंच आहे."

"मग पुन्हा बघ त्याच्याकडे," ताई म्हणाली आणि आत निघून गेली. त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. डबा घे, किल्ली ठेव, दिवा बंद कर.

पण खरं बोलणं बंद झालं ते मुंगळ्याचं. आधी आम्हाला वाटलं सर्दीमुळे गप्प आहे. सर्दी गेली, तो बोलेना. आईशी, टिटवीशी तुटक बोलायचा. बाकी कुणी आलं की नुसती मान हलवायचा. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, वर्गात विचारलं तर हात तोंडावर ठेवतो. गोगलगायी संपल्या, इंजिनं संपली, स्वप्नं संपली. ताई कामावर जायची आणि भिंती अशा खरवडायची की घरमालकीण येऊन म्हणायची, बाई, नुसता रंग काढायचाय, भिंत नाही.

इकडे अक्काचे निरोप सुरू झाले. कधी चुलतसासरे, कधी मामेसासूबाई. सगळ्यांचं म्हणणं एकच, झालं गेलं विसरा, दोघींनी एकमेकींना सॉरी म्हणा, विषय मिटवा. मामेसासूबाई तर पदर सावरून म्हणाल्या, "अगं, टाळी कधी एका हाताने वाजते का?"

"थोबाडीत वाजते," ताई म्हणाली. "चहा घेणार?"

लोकांना वाटलं ताई ताणतेय. आमच्या आईलासुद्धा. "एवढा राग बरा नव्हे," ती मला फोनवर म्हणाली. "शेवटी सासरचं माणूस." मी ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईचाही चष्मा टाकीत गेला असता.

मग एक दिवस दुपारी मुंगळ्याला बालवाडीतून आणायला ताईऐवजी भावजी गेले. गाडीत पुढच्या सीटवर बसणं म्हणजे मुंगळ्याची चंगळ. एरवी तो घरापर्यंत प्रत्येक गिअरबद्दल प्रश्न विचारायचा. त्या दिवशी तो चढला, बसला, आणि त्याने हात तोंडावर ठेवला. भावजींनी विचारलं, "आज काय केलं शाळेत?" हात तसाच. "गिअर बदलतोस का?" मान हलली, नाही. बापाकडे बघून त्याने तोंड झाकलं होतं. बाकीच्यांसमोर झाकायचा तसं. भावजींनी गाडी कडेला घेतली. मग त्यांनी गाडी वळवली, मुंगळ्याला ताई काम करत होती तिथे आणून सोडलं आणि थेट अक्काच्या घरी गेले.

तिथे ते काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण अक्काने नंतर सगळ्या नात्यात सांगितलं, की भाऊ उंबऱ्यात उभा राहून असा ओरडला की शेजारपाजारचे बाहेर आले, माझ्या उभ्या जन्मात मी त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. तक्रार म्हणून सांगायची ती. ताईच्या कानावर आलं तेव्हा तिने पुन्हा सांगायला लावलं.

त्या संध्याकाळी भावजी घरी आले ते घसा पार बसलेला. ताईने गरम पाण्यात मीठ घालून पेला समोर ठेवला. ते गुळण्या करून आले, मुंगळ्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. मी तेव्हाच यायला हवं होतं." मुंगळा त्यांच्या घोगऱ्या आवाजाला हसला. तेवढंच झालं त्या दिवशी. पण रात्रीच्या जेवणाला तो बापापासून लांब न बसता शेजारी बसला.

अक्का आली ती त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, ऐन शाळेच्या गडबडीत. मी त्या वेळी तिथेच होते, माझ्या पोरीला ताईकडे सोडायला आले होते. टिटवीचा एक मोजा सापडत नव्हता, ती त्याच्या नावाने किंचाळत होती. ताई डबे भरत होती. मुंगळा दारातल्या पायरीवर बसून बूट घालत होता. अक्काच्या हातात चॉकलेटचा मोठा डबा होता. ती त्याला ओलांडून आत आली.

"अगं, किती दिवस धरून ठेवशील?" ती ताईला म्हणाली. "मी आलेय ना स्वतःहून? चुकलं असेल माझं, बास?"

"माझ्याकडे काय बोलताय वन्सं?" ताईने डब्याचं झाकण लावलं. "तो बघा, बूट घालतोय."

अक्काला ते अपेक्षित नव्हतं. पण आली होती ती मिटवायलाच, आणि भावजीही आतल्या दारात येऊन उभे राहिले होते. ती वळली, गुडघे धरत कशीबशी पायरीवर मुंगळ्याच्या शेजारी टेकली. डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"आत्याचं चुकलं हं, राजा. आता बोलणार ना आत्याशी?"

मुंगळ्याचा हात तोंडाकडे गेला. मग खाली आला. त्याने अक्काकडे पाहिलं.

"न..." तो अडकला. मान हलायला लागली.

"नक्की ना?" अक्का म्हणाली. "नक्की बोलणार? शहाणा माझा."

"थांबा," ताई म्हणाली. "त्याचं बोलणं आहे, त्याला संपवू द्या."

अक्का गप्प झाली. आम्ही सगळेच. बाहेर शाळेच्या गाडीने हॉर्न दिला. टिटवी एका पायात मोजा घालून उभी होती, तीसुद्धा गप्प. मुंगळ्याने डोळे मिटले. "न... न..." अक्का बोटांत बोटं गुंतवून बसली होती, तिला उठताही येईना. हॉर्न पुन्हा वाजला. कुणी हललं नाही.

"नाही," मुंगळा म्हणाला. आणि वाकून दुसरा बूट घालायला लागला.

अक्काचा चेहरा उतरला. तिने ताईकडे पाहिलं. "हे तूच शिकवलंस."

"मी शिकवलं असतं तर आणखी चार शब्द असते त्यात," ताई म्हणाली.

"अक्का," भावजी म्हणाले, "त्याला वाटेल तेव्हा बोलेल तो. नाही वाटलं तर नाही. उशीर होतोय मुलांना."

अक्का गेली. मुंगळा पायरीवरच्या डब्याकडे बघत राहिला, मग आईला म्हणाला, "ब... बोलायचं नाही, तरी च... चॉकलेट चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली. "पळ आता."

पुढच्या वर्षी झाडाला पालवी फुटली तेव्हा ताई आणि मुंगळा त्या अंगणात गेले नाहीत. टिटवीला भावंडांशी खेळायचं होतं, तिला भावजी घेऊन गेले. ताईने अडवलं नाही. "तिचं भांडण नाही ते," ती म्हणाली. अक्काशी तिचं अजून बोलणं नाही, आणि आता कुणी निरोपही घेऊन येत नाही. लोक तिला हट्टी म्हणतात. म्हणोत.

सासूबाई मात्र आपल्या आपण येतात आता, दर आठवड्याला, बसने, लोकरीची पिशवी घेऊन. पहिल्यांदा आल्या तेव्हा ताईने त्यांना खुर्ची दिली आणि समोर उभं राहून विचारलं, "आई, त्या दिवशी तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "मी उठायला हवं होतं."

"हो, उठायला हवं होतं," ताई म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. साखर तिने जरा आपटूनच टाकली.

ती चहा घेऊन आली तेव्हा मुंगळा आजीच्या गुडघ्याशी बसला होता. गोगलगायीला दात असतात, हे तो तिला सांगत होता. 'दात'वर बराच वेळ गेला. सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं होतं आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. चहावर साय धरली.

"किती असतात?" त्यांनी विचारलं.

"प... प... पुष्कळ," मुंगळा म्हणाला, आणि पुढचं सांगू लागला.